चांगल्या नाकातला अडथळा मोजताना : विदर्भातल्या गावांत ऱ्हायनोमॅनोमीटर घेऊन जाणाऱ्यांसाठी

आर्वीकडच्या एका गावात समाजमंदिराच्या ओट्यावर ऱ्हायनोमॅनोमीटर, म्हणजे नाकातून जाणाऱ्या हवेला होणारा अडथळा मोजायचं यंत्र, मांडत होते, तेव्हा एका काकाजींनी विचारलं, "म्याडम, माहं नाक तं चांगलं हाये. मंग मोजून राहिल्या काहून?" त्या दिवशी मला नीट उत्तर देता आलं नाही. आज देईन. काकाजी, तुमचं नाक चांगलं आहे म्हणूनच मोजायचं. कोणाचं नाक किती चोंदलंय हे सांगायचं तर चांगलं नाक किती मोकळं असतं हे आधी माहीत पाहिजे. आपल्या पुस्तकांत छापलेले आकडे बरेचसे युरोपातल्या लोकांचे. थंड हवेतली, वेगळ्या ठेवणीची ती नाकं. वर्धा-यवतमाळच्या उन्हातल्या, धुळीतल्या नाकाला तीच मोजपट्टी लावून ऑपरेशनचा निर्णय घेणं मला बरोबर वाटत नाही.

कान-नाक-घसा विभागात पदव्युत्तर शिक्षण घेताना हा माझ्या थिसिसचा विषय होता. यंत्र चालवायला दोन दिवसांत शिकले. पण पहिल्या दोन शिबिरांतले सगळे आकडे बाजूला ठेवावे लागले, आणि त्यात यंत्राचा काहीच दोष नव्हता. लोक वावरातून सायकलवर यायचे, मी लगेच मास्क लावायचे. चूक कळली ती एका दादांमुळे. त्यांच्या नाकपुडीवरची चिकटपट्टी सुटली म्हणून त्यांना जेवणानंतर पुन्हा बसवलं, तर नाक तेच आणि आकडा भलताच वेगळा. म्हणून एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. निरोगी माणसाचा आकडा जितका त्याच्या नाकाचा असतो, तितकाच त्याने गेल्या तासाभरात काय केलं त्याचाही असतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीभोवती आहेत.

१. आपण मोजतो काय, ते आधी समजून घ्या

हवा नाकातून जाते ती पुढच्या आणि मागच्या बाजूच्या दाबात फरक पडतो म्हणून. हा दाबाचा फरक पास्कलमध्ये मोजतात आणि प्रवाह घन सेंटिमीटर प्रति सेकंदात. दाबाला प्रवाहाने भागलं की अडथळा मिळतो.

रोजच्या कामात वापरतात ती 'पुढून मोजायची' पद्धत अशी. एक नाकपुडी चिकटपट्टीने बंद करून त्या पट्टीतून दाबाची बारीक नळी आत सोडायची. तोंड-नाक झाकेल असा मास्क लावायचा आणि माणसाने दुसऱ्या नाकपुडीने श्वास घ्यायचा. बंद नाकपुडीतून हवा वाहत नाही, म्हणून तिथे जो दाब दिसतो तो थेट नाकाच्या मागच्या पोकळीतला असतो. प्रवाह मास्कला जोडलेला सेन्सर मोजतो. मग बाजू बदलायची. म्हणजे उजवी बाजू मोजायची असेल तर पट्टी डावीकडे. नवखा माणूस इथेच गोंधळतो आणि फॉर्मवर बाजू उलटी लिहून मोकळा होतो. मी फॉर्मवर 'मोजलेली बाजू' आणि 'पट्टीची बाजू' असे दोन वेगळे रकाने केले, तेव्हा कुठे ही चूक थांबली.

दाब जसा वाढतो तसा प्रवाह त्या प्रमाणात वाढत नाही, हवा घुसळायला लागते. त्यामुळे अडथळा कोणत्या दाबाला मोजला हे सांगितल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. आंतरराष्ट्रीय समितीने ठरवलेला दाब १५० पास्कल आहे. हा किती लहान दाब आहे ते डोळ्यांनी बघा: सलाइनच्या सेटची पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून तिच्यात अर्धं पाणी भरा. दोन्ही बाजूंच्या पाण्यात जेमतेम पंधरा मिलिमीटरचा फरक पडला की झाले साधारण १५० पास्कल. बोटाच्या जाडीएवढं पाणी. एवढ्याशा दाबावर आपला सगळा निकाल उभा असतो, म्हणून पट्टीला पडलेली केसाएवढी फट सुद्धा महागात जाते.

नाकातली सगळ्यांत अरुंद जागा नाकपुडीच्या तोंडापासून साधारण दीड-दोन सेंटिमीटर आत असते. मोठ्या माणसाच्या पूर्ण श्वसनमार्गातला निम्म्याच्या आसपास अडथळा एकट्या नाकात असतो. म्हणून पट्टी ओढून लावली आणि नाकपुडीचा आकार जरा जरी बदलला, तरी आपण माणसाचं नाक मोजत नाही, आपण केलेलं नाक मोजतो.

२. कागदपत्रं

हे काम कंटाळवाणं आहे, पण आधी संपवा. मी एका कागदासाठी अख्खा हिवाळा घालवला.

– सिनॉप्सिसची, म्हणजे संशोधनाच्या आराखड्याची, मंजुरी. थिसिस असेल तर विद्यापीठाच्या, म्हणजे नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या नमुन्यात.
– संस्थेच्या एथिक्स कमिटीचं पत्र. नाक मोकळं करायचे थेंब टाकून पुन्हा मोजणार असाल तर ते प्रोटोकॉलमध्ये आधीच लिहा. नंतर घुसडता येत नाही.
– मराठीतलं माहितीपत्रक आणि संमतीपत्र.
– प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि ग्रामपंचायतीला दिलेली पत्रं, पोच घेतलेली.
– यंत्राचं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र आणि त्याची झेरॉक्स.
– प्रत्येक माणसाचा नोंदफॉर्म.

संमतीपत्राबद्दल थोडं जास्त बोलते. माझ्या पहिल्या मसुद्यात 'नासिका वायुप्रवाह प्रतिरोध मापन' असं लिहिलेलं होतं. आशाताईंनी दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "म्याडम, हे मलेच नाई समजलं, लोकायले काय सांगू?" मग आम्ही लिहिलं : 'तुमच्या नाकातून हवा किती सहज जाते ते पाहणार आहोत. सुई नाही, रक्त नाही. एक नाकपुडी थोडा वेळ पट्टीने बंद करू. नको वाटलं तर मधेच उठता येईल.' जे तोंडी सांगणार तेच कागदावर ठेवा.

वाचता न येणाऱ्या माणसाचा अंगठा घ्यायचा तर शेजारी तुमच्या टीममधला नसलेला साक्षीदार हवा, आणि त्याची सही हवी. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत हे आहे. मुलांना घेणार असाल तर पालकांच्या संमतीशिवाय मुलाचा स्वतःचा होकारही लागतो: सात ते बारा वर्षांच्या मुलाचा तोंडी, त्यापुढे अठरापर्यंत लेखी. आणि सरपंचांनी हो म्हटलं म्हणजे गावाने हो म्हटलं असं नाही. "ताईनं सांगतलं म्हून बसलो," असं कोणी म्हटलं की मी त्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून समजावते.

३. सामान

यंत्र, लॅपटॉप, दोन-तीन मापांचे मास्क, दाबाच्या जास्तीच्या नळ्या, मायक्रोपोअर पट्टी, माणशी एक फिल्टर, कात्री, टॉर्च, नाक तपासायचा चिमटा, रक्तदाबाचं यंत्र, उंची-वजनाची साधनं, खोलीतलं तापमान आणि आर्द्रता दाखवणारं घड्याळ, स्पिरिट, कापूस, टिश्यू, प्यायचं पाणी, आणि पाठीला टेका असलेल्या चार खुर्च्या. खुर्च्या लिहायला विसरू नका. बाकावर पाठ न टेकता बसलेला माणूस दहा मिनिटांत चुळबुळ करतो.

विजेचा भरवसा धरू नका. लॅपटॉप चार्ज करून न्या आणि शक्य तर मोजताना बॅटरीवरच चालवा. सोबत छोटा यूपीएस ठेवा. व्होल्टेज खालीवर झालं की आमच्या यंत्राची शून्याची रेघ हलायची.

प्रवाहाच्या सेन्सरमध्ये बारीक जाळी असते. गावात ती धुळीने आणि श्वासाच्या वाफेने भरते. दिवसभर फडक्याखाली झाकून ठेवा. शिबिरातून परत आल्यावर नळ्या नुसत्या पुसू नका, वाळवा. नळीत अडकलेला पाण्याचा एक थेंब दाब अडवतो.

सकाळी सुरू करण्याआधी यंत्र गरम होऊ द्या, नळ्या मोकळ्या ठेवून शून्य करा, मग तीन लिटरच्या कॅलिब्रेशन सिरिंजने प्रवाह आणि पाण्याच्या त्या यू-नळीने दाब तपासा. यंत्रासोबत ठरावीक अडथळ्याचं कृत्रिम नाक मिळालं असेल तर तेही लावून बघा. उन्हं चढून खोलीचं तापमान बदललं की दुपारी पुन्हा शून्य करा.

४. कोणत्या दिवसांत जायचं

याचं उत्तर पंचांगापेक्षा पिकांवरून ठरतं. पावसाळ्यात घरोघरी पडसं असतं, शिवाय फवारणी चालू असते. ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची सोंगणी आणि मळणी. मळणीयंत्राजवळ उभा राहिलेला माणूस दोन दिवस शिंकतो. नोव्हेंबर ते जानेवारी कापूस वेचणी, माणूसच सापडत नाही, आणि सापडला तर बोंडाची धूळ नाकात घेऊन आलेला. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा लोकांना तासभर बसवून ठेवणं मला पटत नाही.

माझ्या अनुभवात संक्रांतीनंतर फेब्रुवारी अखेरपर्यंतचे दिवस चांगले. सकाळी दहाच्या आधी सुरू करू नका, थंड हवेने नाकातलं अस्तर फुगतं. जागा अंगणवाडीची किंवा उपकेंद्राची खोली असावी, ओटा नको. पंखा बंद, कूलर बंद. चूल जवळ नको. पोषण आहार शिजत असलेल्या खोलीच्या भिंतीला लागून मी एकदा टेबल मांडलं होतं. तासाभरात सगळ्यांची नाकं पाझरायला लागली.

५. 'निरोगी' कोणाला म्हणायचं

गावात कोणालाही विचारा, नाक चांगलंच असतं. वर्षानुवर्षं एका बाजूने श्वास घेणाऱ्याला तेच नेहमीचं वाटतं. म्हणून 'नाक बंद राहतं का' एवढंच विचारू नका. 'झोपताना तोंड उघडं राहतं का, सकाळी उठल्यावर तोंड कोरडं असतं का, सकाळी लागोपाठ शिंका येतात का, वास येतो का' असं विचारा. नाकाच्या त्रासाची नोज नावाची पाच प्रश्नांची प्रश्नावली सोपी आहे. ती तुम्ही वाचून दाखवा, हातात देऊन भरायला सांगू नका.

मी ज्यांना वगळलं ते असे :

– गेल्या चार आठवड्यांत सर्दी-पडसं झालेले.
– शिंकांची, धुळीची अॅलर्जी असलेले. गाजरगवताने खाज येते का, हे वेगळं विचारा.
– नाकावर ऑपरेशन किंवा मार लागलेला. बैलाने मारलं, गाडीवरून पडलो, हे लोक आपणहून सांगत नाहीत.
– नाकाच्या पडद्याला भोक असलेले. अशा नाकात ही पद्धत चालतच नाही, कारण दोन्ही बाजू आतून जोडलेल्या असतात.
– गरोदर बायका. त्या काळात नाक आपोआप चोंदतं.
– बिडी ओढणारे, तपकीर ओढणारे.
– मेडिकलमधून आणलेले नाक मोकळं करायचे थेंब रोज टाकणारे.
– गेल्या आठवड्यात फवारणी केलेले. अनेक कीटकनाशकं नाक-डोळ्यांतून पाणी आणतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी, शेतमजूर दगावले, तेव्हापासून हा प्रश्न मी नाकापुरता ठेवत नाही. चक्कर, मळमळ, अंधारी आली होती का तेही विचारते आणि गरज वाटली तर तिथूनच आरोग्य केंद्रात पाठवते.

पडदा जरासा वाकडा असलेल्या माणसाला वगळू नका. अगदी सरळ पडदा फारच थोड्यांचा असतो. फक्त सरळ पडद्याची माणसं गोळा केलीत तर तुमचा 'निरोगी' माणूस गावात कुठेच सापडायचा नाही. टॉर्च लावून तपासा, वाकडेपणा नोंदवा, पण घ्या.

६. अर्धा तास बसवून ठेवा

सगळ्यांत जास्त टाळाटाळ इथे होते, आणि आकडे बिघडतात तेही इथेच.

चालून, सायकल मारून, ओझं उचलून आलेल्या माणसाच्या नाकातल्या रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात. नाक खूप मोकळं दिसतं. शांत बसल्यावर ते हळूहळू मूळ पदावर येतं. झोपून उठलेल्याचं उलटं, आडवं झाल्यावर नाक भरतं, आणि कुशीवर झोपल्यास खालच्या बाजूची नाकपुडी जास्त. म्हणून आल्यावर किमान तीस मिनिटं खोलीच्याच हवेत, खुर्चीवर, पाठ टेकून. आल्याची वेळ आणि मास्क लावल्याची वेळ दोन्ही लिहा. नुसतं 'अर्धा तास बसवलं' असं लिहिलेलं मी आता मानत नाही.

या अर्ध्या तासात काय चालतं, काय नाही :

खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) थुंकून, चूळ भरून यायचं. खर्रा गालात धरून तोंड नीट मिटत नाही आणि मास्कमध्ये माणूस लाळ गिळत राहतो. पानठेला समोरच असेल तर लोक मधेच उठून जातात, म्हणून आशाताईंना दारात बसवा. चहा नंतर. गावात आलेल्या पाहुण्याला चहा दिल्याशिवाय राहवत नाही, तेव्हा नाही म्हणू नका, 'मोजून झाल्यावर सगळे मिळून घेऊ' म्हणा. ठेचा-भाकर खाऊन लगेच आलेल्याचं नाक पाझरतं, त्याला तासभर थांबवा. बाम लावून आलेला माणूस 'एकदम मोकळं वाटते' म्हणेल, पण यंत्रावर तो मोकळेपणा दिसणार नाही. बामाचा मेंथॉल थंडावा जाणवून देतो, वाट रुंद करत नाही. तेव्हा बाम लावला असेल तर प्रश्नावली दुसऱ्या दिवशी घ्या.

आता नाकाची आपली एक लय असते तिच्याविषयी. भजनी मंडळातल्या एका आजोबांनी बोट नाकाखाली धरून मला सांगितलं, "आता चंद्रस्वर चालू हाये, थोड्या वेळानं सूर्यस्वर येईल." म्हणजे आता डावी चालू, मग उजवी. त्यांचं यंत्राने मोजलं तर डाव्या बाजूचा अडथळा खरोखर कमी होता. पुढे दोन-अडीच तासांनी मोजलं तेव्हा बाजू पालटली होती. नाकातल्या मांसल भागांमधल्या रक्ताच्या पोकळ्या आळीपाळीने भरतात आणि रिकाम्या होतात. कायझर नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८९५ मध्ये याचं वर्णन केलं. ही फेरी साधारण दोन ते चार तासांची असते, माणसागणिक कमी-जास्त, आणि सगळ्यांमध्ये ती स्पष्ट दिसतही नाही. आपल्या कामासाठी याचा अर्थ असा की, एकाच बाजूचा आकडा पाहून 'डावीकडे अडथळा आहे' असं लिहायचं नाही. दोन्ही बाजूंचा मिळून अडथळा त्या मानाने स्थिर राहतो, निष्कर्ष त्यावरून काढा. जमलं तर दहा-बारा जणांना दिवसभर थांबवून तासातासाने मोजा. अंगणवाडीत सतरंज्या टाकून आम्ही तसा एक दिवस काढला, आणि सगळ्या थिसिसमधली सर्वांत समाधान देणारी पानं त्या दिवसाची आहेत.

७. पट्टी आणि मास्क लावणं

आधी माणसाला नाक हलकं शिंकरायला सांगा, जोरात नाही. नाकाभोवतीची कातडी स्पिरिटने पुसा. घाम आणि तेल असेल तर पट्टी पाचव्या श्वासाला सुटते.

पट्टी लावताना नाकपुडी ओढू नका, दाबू नका. पट्टी नाकाच्या तोंडावर झाकणासारखी बसली पाहिजे. नळी पट्टीच्या मधोमध, टोक आतल्या कातडीला टेकणार नाही अशी.

नाकातल्या चमकीचा प्रश्न बायकांच्या बाबतीत रोज येतो. "हे तं माह्या लग्नातली हाये, निघत नाई बाई," असं एका मावशींनी सांगितलं, आणि खरंच, त्या चमकीचा मळसूत्री फिरकीचा भाग आत कातडीत रुतून बसला होता. काढायचा हट्ट धरू नका, रक्त येईल आणि मनही दुखेल. पट्टी थोडी मोठी कापा, चमकीच्या बाहेरून नाकाच्या पंखावर चढवा, आणि कडेच्या फटीवर पट्टीचा दुसरा तुकडा लावा. मग दुसरी नाकपुडी बोटाने बंद करून त्यांना हलकेच फुंकायला सांगा. कुठून हवा निसटली तर गालाशी धरलेल्या तुमच्या बोटाला ती लागते. ही तपासणी मी आता चमकी असो-नसो, सगळ्यांची करते.

दाट मिशीवर मास्क बसत नाही. मोठ्या मापाचा घ्या आणि वरून सारखा दाब द्या. मास्कची कड नाकाच्या बाजूंना दाबत तर नाही ना, हे पहा.

माणसाला एवढंच सांगा : "तोंड मिटा, डोळे उघडे ठेवा, नेहमीसारखा श्वास घ्या." 'श्वास घ्या' असं नुसतं म्हटलं तर लोक डॉक्टरने स्टेथोस्कोप लावल्यासारखा मोठा श्वास ओढतात. मी त्यांच्या शेताविषयी काहीतरी बोलत राहते. ते ऐकतात, उत्तर देत नाहीत, आणि श्वास आपोआप ठिकाणावर येतो.

तीन ते पाच सलग चांगले श्वास घेऊन त्यांची सरासरी. मास्क काढून, पुन्हा लावून, असं तीनदा. तीन वाचनांत दहा टक्क्यांहून जास्त फरक पडला तर आम्ही पट्टी बदलून नव्याने सुरुवात करतो.

८. ग्राफ काय सांगतो

आकडा वाचण्याआधी ग्राफ पाहायची सवय लावा. आडव्या रेघेवर दाब, उभ्या रेघेवर प्रवाह, आणि मधून जाणारी इंग्रजी एस अक्षरासारखी वळणदार रेघ. ती मधल्या शून्यातून गेली पाहिजे. अडथळा जितका जास्त, तितकी रेघ आडव्या दाबरेघेकडे झुकते.

रेघ अचानक उभी झाली, जणू नाकात अडथळाच नाही, तर खूष होऊ नका. दाबाची नळी दुमडलेली असते किंवा तिच्यात पाणी असतं. पट्टी गळत असेल तरी अडथळा खोटा कमी दिसतो. मास्क गळत असेल तर उलट : काही हवा सेन्सरला चुकवून जाते, प्रवाह कमी दिसतो, अडथळा खोटा वाढतो. माणसाने तोंडाने श्वास घेतला तर मास्कमधली ती हवाही प्रवाहात मोजली जाते, दाब मात्र कोसळतो, आणि अडथळा खोटा कमी दिसतो. रेघ शून्यातून जात नसेल तर यंत्र पुन्हा शून्य करा.

काही निरोगी माणसांची रेघ १५० पास्कलपर्यंत पोचतच नाही, नाक एवढं मोकळं असतं. "जोरात घ्या, अजून जोरात" असं करून ती ओढून नेऊ नका. जोरात श्वास ओढला की नाकाचे पंख आत खेचले जातात आणि चांगल्या नाकात नसलेला अडथळा तयार होतो, शिवाय माणसाला चक्कर येते. अशांचा अडथळा ७५ किंवा १०० पास्कलला वाचा आणि तसं स्पष्ट लिहा. ७५ चा आकडा १५० च्या आकड्याहून कमीच येणार, म्हणून दोन्ही एका तक्त्यात मिसळू नका.

९. हिशोब

उदाहरण घ्या. १५० पास्कलला उजवीकडून ३०० घन सेंटिमीटर प्रति सेकंद हवा गेली, तर उजवा अडथळा ०.५ (पास्कल प्रति घन सेंटिमीटर प्रति सेकंद, हे आपलं एकक). डावीकडून ५०० गेली, तर डावा ०.३. मग दोन्ही मिळून किती? नवखा विद्यार्थी ०.८ म्हणतो, किंवा सरासरी काढून ०.४. दोन्ही चूक. हवेला दोन वाटा मिळाल्यावर अडथळा घटणारच. दोन्ही प्रवाहांची बेरीज ८००, आणि १५० भागिले ८०० म्हणजे ०.१९ च्या जवळपास. शेतात एकाऐवजी दोन पाट काढले तर पाणी लवकर उतरतं, तसंच हे.

एककाचा सापळा वेगळा. जुन्या लेखांत अडथळा पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये, प्रति लिटर प्रति सेकंद असा असतो. त्याला साधारण ०.०९८ ने गुणलं की आपल्या एककात येतो. किलोपास्कल प्रति लिटर प्रति सेकंद असं लिहिलेलं असेल तर आकडा तोच राहतो, काही करायचं नाही. मोठ्या निरोगी माणसांत दोन्ही बाजूंचा मिळून अडथळा छापील आकड्यांमध्ये ०.२५ च्या आसपास सापडतो. तुमचा आकडा २.५ आला तर नाकाला दोष देण्याआधी एकक बघा.

१०. थेंब टाकून पुन्हा मोजणं

झायलोमेटाझोलिनचे ०.१ टक्क्याचे थेंब दोन्ही नाकपुड्यांत टाकून दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजलं की अस्तराची सूज बाजूला होते आणि उरतो तो हाडा-पडद्याचा अडथळा. आधी रक्तदाब घ्या. जास्त असेल, हृदयाचा त्रास असेल, काचबिंदू असेल तर टाकू नका. डॉक्टर हजर नसताना तर मुळीच नको.

थेंबांची बाटली गावात सोडून येऊ नका. "लय मोकळं वाटते म्याडम, एक शिशी देऊन ठेवा," असं हमखास म्हणतात. पाच-सात दिवसांच्या वर रोज टाकले तर तेच थेंब उलट नाक चोंदवून ठेवतात, हे तिथेच समजावून सांगा.

११. यंत्र परवडत नसेल तर

नाकाने जोरात श्वास ओढून वेग मोजायचं साधं मीटर मिळतं, मास्क आणि सरकता काटा, वीज लागत नाही. मोठ्या निरोगी पुरुषांत साधारण १४० आणि बायकांत १२० लिटर प्रति मिनिटाच्या आसपास आकडे मिळतात, पण माणसामाणसांत फरक मोठा असतो. तीनदा ओढायला लावा, सर्वांत मोठा आकडा घ्या. यात माणसाचा जोर लागतो, म्हणून अशक्त म्हाताऱ्यांत भरवसा कमी. याने अडथळा मिळत नाही, तेव्हा थिसिसच्या शीर्षकात 'अडथळा' लिहू नका.

१२. उठताना माणसाला काय सांगायचं

लोक तासभर आपलं काम सोडून बसलेले असतात. आकडा लिहून हातात दिला तर तो घरोघर फिरतो, आणि '०.३१ म्हणजे जास्त का' यावरून कोणाची झोप उडते. मी तोंडी सांगते, ग्राफ दाखवते, आणि काही वेगळं दिसलं तरच आरोग्य केंद्रासाठी चिठ्ठी लिहिते.

चमकीवाल्या मावशींना ग्राफ दाखवला तेव्हा त्यांनी डाव्या बाजूच्या रेघेवर बोट ठेवून विचारलं, "हे चमकीमुळं त नाई ना वाकडी झाली?" नाही, म्हटलं. मग उठायच्या आधी पट्टीचा राहिलेला चिकट भाग कोमट पाण्याने पुसून दिला. पट्टी ओढून काढली की कातडी लाल होते आणि पुढच्या वेळी ती बाई येत नाही, म्हणून कोमट पाण्याचा थर्मास सामानाच्या यादीत वर लिहायचा राहिला, तो लिहून घ्या.